आंब्याची पेटी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

आंबा विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकास फळ कापून पाहता येत नाही. हापूसमधील साका तर बाहेरून ओळखूही येत नाही. म्हणून ते पेटीवरील गावाचे व बागायतदाराचे नाव वाचते आणि त्या नावावर विसंबून दाम मोजते. माल सुखरूप पोहोचविणे हे पेटीचे पहिले काम. बागायतदाराचा शब्द गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे हे दुसरे.

विश्वास कसा ढळतो

वरच्या थरात मोठी, निर्दोष फळे मांडावयाची आणि तळाशी लहान, डागी किंवा कोवळी फळे भरावयाची, ही चाल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यामुळे एका पेटीमागे चार पैसे अधिक मिळतात. परंतु तळाचा थर उघडताच लबाडी उघडी पडते आणि पुढील हंगामात गिऱ्हाईक ते नाव टाळते. ही हानी एकट्या बागायतदाराची नसते. एका गावच्या दोन-चार पेट्या अशा निघाल्या म्हणजे अडत्या त्या गावच्या सर्वच मालाकडे संशयाने पाहू लागतो व प्रामाणिक शेजाऱ्यासही कमी भाव पडतो.

दुसरा धोका बाहेरचा आहे. इतर राज्यांतील आंबा देवगड वा रत्नागिरी अशी नावे छापलेल्या खोक्यांत भरून विकला जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा लाभ घेण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करणे अगत्याचे आहे. २०२५ च्या हंगामात देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पद्धत अंगीकारली. मात्र आपल्या नावाची रिकामी खोकी व पट्ट्या परक्याच्या हाती दिल्या, तर कोणतेही मानांकन आपले रक्षण करू शकणार नाही.

पेटी कशी भरावी

चांगल्या बांधणीचा आरंभ झाडावरच होतो. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने फळे देठासह उतरवावीत. देठ तुटून चीक सालीवर ओघळला म्हणजे डाग पडतात व तेथून फळ कुजू लागते. उतरविलेली फळे उन्हात ठेवू नयेत.

नंतर फळे वजनाप्रमाणे निवडून वेगळी करावीत. एका पेटीत एकाच प्रतीची व सारख्या तयारीची फळे भरावीत. जे वर, तेच तळाशी असावे. लाकडी पेटीच्या खडबडीत फळ्यांनी फळांस ओरखडे पडतात. त्या मानाने हवेसाठी छिद्रे असलेले पन्हळी पुठ्ठ्याचे खोके हलके व आतून गुळगुळीत असते. परंतु पुठ्ठा भिजला की त्याचा जोर जातो, म्हणून खोकी ओलसर जमिनीवर रचू नयेत.

खोक्यावर बागायतदाराचे नाव, गाव, फळांची संख्या, प्रत, निव्वळ वजन व भरल्याची तारीख स्वच्छ अक्षरांत लिहावी. शेतमाल प्रतवारी व चिन्हांकन अधिनियम, १९३७ अन्वये दिले जाणारे ॲगमार्क चिन्ह प्राधिकारपत्र मिळाल्याविना वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. आढी घालून पिकविणे उत्तम. घाई असल्यास योग्य सोयीच्या पिकवणगृहात मर्यादित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास मुभा आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी बागायतदारांस एकत्र जमवावे. बाजारात जाणारी एखादी पेटी सर्वांसमक्ष उघडून वरचा व तळाचा थर शेजारी शेजारी मांडून दाखवावा. शंभर भाषणांनी जे पटणार नाही, ते या एका प्रात्यक्षिकाने पटेल. गावातील सर्वांनी मिळून एकच प्रतवारी ठरविली व ती पाळली, तर अडत्यास पेटी फोडून पाहण्याची गरज उरणार नाही.

हापूसचे झाड फळावर येण्यास कित्येक वर्षे जातात. गावाचे नाव होण्यास त्याहूनही अधिक. तळाच्या थरातील चार आंब्यांसाठी ते गमावणे कोणत्याही बागायतदारास परवडणारे नाही.