शंभर गुणांच्या बचावपटूची किंमत

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं. त्या मैदानावर गोल करणारा बचावपटू आपल्याला नवा नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल केले ते आपल्या हरमनप्रीत सिंगनं, आणि तो खेळतो बचावफळीत. आज मी बोलणार आहे ते अशाच खेळाडूंविषयी. पण बर्फावरच्या हॉकीतल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमधल्या. अशा खेळाडूची किंमत तिथे कशी ठरते?

बर्फावर एका संघाचे साधारणपणे सहा जण असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे. चेंडूऐवजी रबराची चकती असते. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याच्याआधी चकती पुढे देणाऱ्या शेवटच्या दोघांनाही एकेक. बचावपटूनं अडवायचं आणि इतरांनी गोल करायचे, ही जुनी समजूत बोस्टनच्या बॉबी ऑरनं मोडली. १९६९-७०च्या हंगामात १२० गुण मिळवून तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. आघाडीचे सगळे खेळाडू त्याच्या मागे राहिले. चकती घेऊन स्वतः पुढे मुसंडी मारणाऱ्या बचावपटूला तेव्हापासून मोल आलं.

हे मोल पैशांत मात्र मोजलं जात नाही. आयपीएलमुळे आपल्याला लिलाव परिचयाचा आहे. तिथे चालते ती अदलाबदल. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचे, नाहीतर नवोदितांच्या वार्षिक निवडीतली आपली पाळी द्यायची. ही पाळी म्हणजे बाजारातल्या तुरी! शिवाय २००५पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२३-२४मध्ये ती ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. त्यामुळे खेळाडू घेतला की त्याच्या पगाराचं ओझंही घ्यावं लागतं.

आता दोन सौदे शेजारी ठेवून पाहू.

सॅन होजे संघाच्या एरिक कार्लसननं २०२२-२३मध्ये १०१ गुण मिळवले. १९९१-९२नंतर एकाही बचावपटूला शंभरी गाठता आली नव्हती. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला तिसऱ्यांदा मिळाला. ऑगस्ट २०२३मध्ये पिट्सबर्गनं त्याला घेतलं. बदल्यात सॅन होजेला काय मिळालं? तीन अनुभवी पण मध्यम प्रतीचे खेळाडू आणि पहिल्या फेरीतली एक पाळी. वर त्याच्या पगारातले वर्षाला १५ लाख डॉलर सॅन होजेनंच सोसायचे!

कारण उघड आहे. कार्लसन ३३ वर्षांचा होता, कराराची चार वर्षं उरली होती आणि वार्षिक भार १ कोटी १५ लाख डॉलरचा, म्हणजे मर्यादेचा जवळजवळ सातवा हिस्सा. नको त्या शहरात जायला नकार देण्याचा हक्क करारानं त्याला दिला होता, त्यामुळे गिऱ्हाइकंही मोजकी. त्यातच त्याच्या संघानं ८२पैकी फक्त २२ सामने जिंकले होते. ‘गुण मिळतात, पण गोलही खावे लागतात’ असं विरोधक म्हणत.

दुसरा सौदा डिसेंबर २०२५चा. व्हँकूव्हरनं क्विन ह्यूज हा बचावपटू मिनेसोटाला दिला. त्याची सर्वोत्तम कामगिरी २०२३-२४मधली ९२ गुणांची, म्हणजे कार्लसनपेक्षा कमी. मोबदला मात्र भरघोस. पहिल्या फेरीत निवडले गेलेले तीन तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतली आणखी एक पाळी. ह्यूज होता २६ वर्षांचा आणि त्याचा भार ७८ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे २०२५-२६च्या मर्यादेचा जेमतेम बारावा हिस्सा. २०२७च्या उन्हाळ्यात करार संपून तो मोकळा होणार होता. त्याआधी हाती काही पडावं, ही व्हँकूव्हरची निकड. तरीही भाव पडला नाही.

म्हणजे विकत घेतले जातात ते मागचे गुण नव्हेत, तर पुढची वर्षं.

एकाच माणसाची किंमत कशी घसरते, तेही पाहा. २०१६मध्ये माँट्रियलनं पी. के. सुबान हा लाडका बचावपटू नॅशव्हिलला देऊन शेय वेबरसारखा मातब्बर खेळाडू घेतला, एकास एक. पुढच्याच वर्षी सुबानसह नॅशव्हिल अंतिम फेरीत पोहोचलं. पण २०१९मध्ये त्याच संघानं त्याला दोन दुय्यम खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्यांवर देऊन टाकलं. हवी होती ती त्याच्या ९० लाख डॉलरच्या पगाराची मोकळी जागा.

आणि त्या तुरींचं काय झालं? कार्लसनसाठी दिलेली पाळी २०२४मध्ये चौदाव्या क्रमांकाची निघाली. सॅन होजेनं तिला आणखी एक पाळी जोडून अकरावा क्रमांक मिळवला आणि निवडला सॅम डिकिन्सन, पुन्हा एक बचावपटूच! त्या हंगामात पिट्सबर्ग बाद फेरीही गाठू शकलं नव्हतं.

तेव्हा अशा अदलाबदलीची बातमी वाचलीत, तर नुसता गुणांचा आकडा पाहून कोण फसलं ते ठरवू नका. खेळाडूचं वय, कराराची उरलेली वर्षं, पगाराचा मर्यादेतला वाटा आणि देणाऱ्याची निकड, या चार गोष्टी आधी पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)