वाहन परतमागणी
विकल्या गेलेल्या मोटार वाहनांच्या एखाद्या प्रकारात किंवा उत्पादनाच्या ठरावीक गटात धोकादायक दोष आढळल्यास ती वाहने उत्पादकाने स्वखर्चाने तपासून दुरुस्त करून देणे, बदलून देणे वा त्यांची किंमत परत करणे, या व्यवस्थेस वाहन परतमागणी म्हणतात. व्यवहारात तिच्यासाठी ‘रिकॉल’ हाच शब्द रूढ आहे. बहुतेक प्रसंगी वाहन मालकाकडून कायमचे काढून घेतले जात नाही. ते अधिकृत सेवाकेंद्रात काही तास वा दिवस ठेवून सदोष भाग बदलला जातो व वाहन परत दिले जाते.

परतमागणी, हमी आणि झीज या तीन भिन्न गोष्टी होत. हमी ही खरेदीच्या वेळी ठरलेल्या मुदतीपुरती व एका ग्राहकापुरती असते. वापराने झिजणारे ब्रेकचे अस्तर, टायर, क्लच यांची जबाबदारी मालकाची असते. परतमागणीचा संबंध मात्र वाहन कारखान्यातून बाहेर पडतानाच त्यात असलेल्या आणि अनेक वाहनांत समान असलेल्या दोषाशी येतो. रचनेतील चूक, सदोष धातू वा रबर, नळीची अयोग्य जुळणी आणि पुरवठादाराकडून आलेला कमअस्सल घटकभाग ही त्याची प्रमुख कारणे होत.

दोषाचा माग : आधुनिक कारखान्यात महत्त्वाच्या घटकभागांचा गट-क्रमांक वाहनाच्या १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशी, म्हणजेच चेसिस क्रमांकाशी, जोडून नोंदविला जातो. हमीखाली आलेल्या तक्रारी, अपघातांचे अहवाल व चाचण्या यांतून दोष लक्षात आल्यावर सदोष भाग कोणत्या वाहनांत बसविले गेले हे या नोंदींवरून काढता येते. त्यामुळेच एकाच गावातील, एकाच नावाच्या व एकाच रंगाच्या दोन गाड्यांपैकी एक परतमागणीत असते व दुसरी नसते. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीविषयी अनुमान करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

इतिहास : या व्यवस्थेस कायद्याचे अधिष्ठान प्रथम अमेरिकेत मिळाले. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने मोटारगाड्यांच्या सदोष रचनेकडे लोकांचे लक्ष वेधले. १९६६ मध्ये तेथे वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा संमत झाला. पाठीमागून धडक बसल्यास इंधनटाकी फुटण्याच्या दोषामुळे फोर्ड कंपनीने १९७८ मध्ये सु. १५ लाख मोटारगाड्या परत मागविल्या. टाकाटा या जपानी कंपनीच्या सुरक्षा-पिशव्यांची परतमागणी ही आजवरची सर्वांत मोठी होय. त्या पिशव्यांतील अमोनियम नायट्रेट दीर्घकाळच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडत असे. मग पिशवी उघडताना धातूचे आवरण फुटून तुकडे आतील माणसांवर उडत. यामुळे जगभर मृत्यू ओढवले व २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

हवामानाचा असा परिणाम पिकअप गाड्यांतही दिसून आला आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या अमेरिकेतील थंड राज्यांत टोयोटाच्या टुंड्रा या पिकअपचा सांगाडा मागील बाजूस गंजू लागला. २००९ मध्ये अशा सु. १,१०,००० गाड्या परत मागविण्यात आल्या. कोकणातील खारी, दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता येथील मालकांनी सांगाडा व ब्रेकच्या नळ्या यांवर विशेष लक्ष ठेवणे इष्ट होय.

भारतातील व्यवस्था : भारतात २०१२ पर्यंत परतमागणीची सर्वमान्य पद्धत नव्हती. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छा परतमागणीची संहिता स्वीकारली. २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या डीझेल एंजिनांतील उत्सर्जनाचे प्रकरण उघडकीस आल्यावर पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेने भारतातील गाड्यांची चाचणी केली. त्यानंतर समूहाने ३,२३,७०० गाड्या परत मागविण्याचे जाहीर केले.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने मूळ कायद्यात ‘११०-अ’ हे कलम घातले. पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस वा रस्त्यावरील इतरांस अपाय करू शकेल असा दोष मालकांच्या ठरावीक प्रमाणातील तक्रारींवरून, चाचणी संस्थेकडून वा अन्य मार्गाने कळल्यास केंद्र शासन परतमागणीचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने दोष आपणहून शासनास कळवून परतमागणी सुरू केल्यास त्यास दंड होत नाही. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाची वाहने त्यांच्या कक्षेत येतात. सक्तीच्या परतमागणीत वाहनांचा प्रकार व संख्या यांनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

महाराष्ट्राशी निगडित दोन उदाहरणे २०२१ मधील आहेत. महिंद्र अँड महिंद्र या मुंबईच्या कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात विशिष्ट दिवशी आलेले इंधन दूषित असल्याच्या संशयावरून २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेली सहाशेहून कमी डीझेल वाहने तपासणीस घेण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळातील २९,८७८ पिकअप गाड्या द्रवनळीच्या जुळणीतील संशयित दोषासाठी परत मागविल्या. दोन्ही प्रसंगी मर्यादा ठरली ती उत्पादनाच्या काळावरून.

सूचना मालकापर्यंत पोहोचणे : परतमागणीतील सर्वांत कच्चा दुवा कारखान्यात नसून पत्त्यात असतो. उत्पादकाची सूचना विक्रीच्या वा नोंदणीच्या कागदावरील नावापत्त्यावर व दूरध्वनीवर जाते. खाजगी मोटारगाडी पुष्कळदा पहिल्याच मालकाकडे दीर्घकाळ राहते. पिकअप मात्र कर्जावर घेतली जाते, काही वर्षे भाड्याने चालविली जाते व पुढे विकली जाते. दुसरा मालक बहुधा ती अधिकृत सेवाकेंद्राऐवजी नाक्यावरच्या गॅरेजात नेतो. अशा वेळी सूचना पहिल्या मालकाच्या जुन्या दूरध्वनीवर पडून राहते आणि सदोष नळी घाटातून माल वाहत असते.

रोहे तालुक्यातील खांब हे मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान वसलेले गाव आहे. अशा गावांतील भाजीपाला, दूध, सिमेंट यांची ने-आण पिकअपनेच होते. गणेशोत्सवापूर्वी पेणच्या मूर्ती घेऊन जाणाऱ्या गाड्याही याच रस्त्याने जातात. भरलेल्या हौद्यासह उतारावर ब्रेक निकामी झाल्यास धोका चालकापुरता राहत नाही. त्यात हौद्यामागून येणारा दुचाकीस्वार आणि रस्त्याकडेला एस. टी.ची वाट पाहणारे उतारूही सापडतात. एक खेप बुडेल म्हणून तपासणी पुढे ढकलणे हा त्यांच्याही जिवाशी केलेला व्यवहार होय.

मालकाने घ्यावयाची दक्षता : (१) नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस क्रमांक टिपून घ्यावा व तो प्रत्यक्ष सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी पडताळून पाहावा. (२) हा क्रमांक सांगून उत्पादकाच्या संकेतस्थळावर वा अधिकृत सेवाकेंद्रात वर्षातून किमान एकदा चौकशी करावी. सूचना आली नाही म्हणजे गाडी निर्दोष आहे, असे समजू नये. (३) जुनी गाडी घेताना हीच चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. (४) मालकी बदलल्याची नोंद कायद्याने आवश्यक आहे. राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. रायगड जिल्ह्यातील एम.एच. ०६ या क्रमांकमालिकेच्या वाहनांसाठी हे कार्यालय पेण येथे आहे. नोंदीबरोबर दूरध्वनी क्रमांकही बदलून घ्यावा. (५) परतमागणीच्या कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत. काम झाल्यावर बदललेला भाग व दिनांक नमूद असलेला कागद मागून घ्यावा व तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. (६) सूचनेत गाडी चालवू नये असे म्हटले असल्यास ती उभीच ठेवावी व सेवाकेंद्राकडे नेण्याची व्यवस्था उत्पादकाकडे मागावी.

जादा पाटे बसविणे, हौदा उंच करणे वा मर्यादेपेक्षा अधिक भार वाहणे यांमुळे सांगाड्यास तडा गेल्यास तो मूळचा दोष की वापराचा परिणाम, असा वाद उद्‌भवतो. असे फेरफार केल्याने मालक आपलीच बाजू दुबळी करतो.

दाद : एकाच प्रकारचा बिघाड अनेक गाड्यांत आढळल्यास प्रत्येक मालकाने स्वतंत्र लेखी तक्रार करावी. परतमागणीच्या आदेशासाठी तक्रारींची संख्याही विचारात घेतली जाते. गॅरेजात बोलून दाखविलेला बिघाड कोणत्याही नोंदीत येत नाही. सात वर्षांवरील गाड्यांच्या मालकांनाही मार्ग अगदीच बंद नसतो. उत्पादक स्वेच्छेने जुनी वाहनेही परत मागवू शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यात सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाच्या दायित्वाची तरतूद आहे. मात्र धंद्यासाठी घेतलेले वाहन असल्यास ते केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी व स्वयंरोजगार म्हणून घेतले होते, हे दाखवावे लागते. जिल्हा आयोगाकडील तक्रार साधारणतः कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथे आहे.

परतमागणी जाहीर झाल्याने कोणतीही गाडी सुरक्षित होत नाही. दोष गटाचा असला, तरी अपघात एकेका गाडीला होतो. त्यामुळे यादीतील शेवटची गाडी शोधून दुरुस्त होईपर्यंत परतमागणी अपुरीच राहते, आणि तिचा अखेरचा टप्पा मालकाच्या चौकशीवरच अवलंबून असतो.