पंखा तुमचा, न्यूट्रल कुणाची?

भुसावळ स्टेशनच्या पुलावर उभं राहून कधी खाली पाहिलंय? मुंबईकडून आलेले रूळ इथून पुढे फुटतात. एक वाट नागपूरला जाते, दुसरी खांडव्यावरून इटारसीला. रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो, आणि तिच्या वाटेला जायचं नाही हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. घरातल्या २३० व्होल्टला मात्र आपण "त्यात काय एवढं!" म्हणून सोडून देतो. त्यातून बाथरूमच्या झरोक्यातला तो चिमुकला एक्झॉस्ट फॅन! त्याला कोण भितो?

आधी त्याचं काम पाहू. आंघोळीची वाफ कोंडून राहिली की भिंतीचे पोपडे सुटतात, छताला बुरशी धरते. फॅन ती वाफ बाहेर फेकतो. पण बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा आत यायला नको का? खानदेशातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता चिकचिकाट. इथे तसंच, फक्त उलट दिशेनं. दाराखाली बोटभर फट नसेल, तर फॅन नुसताच घरघरतो.

फ्लॅटच्या इमारतीत आणखी एक गंमत असते. सगळ्यांची बाथरूमं एकाच डक्टमध्ये उघडतात. खालच्या काकूंनी फॅन लावला आणि तुमच्या फॅनला झडप नसली, की त्यांची वाफ तुमच्याकडे पाहुणी!

वाफ आली तर नाक मुरडून भागतं. वायरिंगचं तसं नाही.

पंख्याला दोन तारा लागतात. फेजमधून करंट येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो. (तिसरी हिरवी अर्थिंगची. पंख्याचं अंग लोखंडी असेल तर ती हवीच.) आता समजा, तुमच्या बाथरूमपर्यंत फेज पोचली, पण न्यूट्रल आणायला भिंत फोडावी लागणार. शेजारीच डक्टमधून जिन्याच्या दिव्याची वायर गेली आहे. बसवणारा म्हणतो, "न्यूट्रल न्यूट्रल सारखीच की!" आणि तिथून जोडून टाकतो. पंखा फिरतो, घरातले खूश.

पुढे कधीतरी जिन्यातला दिवा बिघडतो. वायरमनकाका सोसायटीचा मेन स्विच बंद करतात. फेज तुटली, न्यूट्रलही तुटली. ते निर्धास्त होऊन न्यूट्रलचा जोड सोडवायला घेतात. त्याच वेळी तुम्ही आंघोळीला जाता आणि फॅनचं बटण दाबता. तुमच्या मीटरचा करंट पंख्यातून जिन्याच्या न्यूट्रलमध्ये उतरतो. तिथून परतायचा रस्ता बंद, म्हणून तो काकांच्या हातातून जमिनीत जायला बघतो. ४० वॅटचा पंखा असला तरी मधून जाऊ शकणारा करंट १०० मिलिअँपिअरच्या आसपास भरतो. हृदयाचे ठोके बिघडवायला ३०-४० मिलिअँपिअरही पुरे होतात, आणि अंग ओलं असेल तर करंटला वाट आणखी सोपी.

तुमच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर ही उसनवारी पहिल्याच दिवशी पकडली जाते. तो सतत हिशेब ठेवतो. फेजमधून जितका गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? इथे गेलेला करंट जिन्याच्या वाटेनं पळालेला असतो, म्हणून बटण दाबताच खट्‌! घरभर अंधार. मग लोक चिडून म्हणतात, "आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका." घरातला सगळ्यात प्रामाणिक नोकर असा हाकलला जातो! ज्यांच्याकडे तो नाहीच, त्यांचा पंखा वर्षानुवर्षं उसन्या न्यूट्रलवर फिरत राहतो आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

तुम्ही स्वतः बोर्ड उघडायचा नाही, ते काम परवानाधारक वायरमनचं. पण घरी फॅन बसवायला माणूस येईल तेव्हा जवळ उभं राहून खुशाल विचारा, "काका, न्यूट्रल कुठून घेतली?" "आपल्याच मीटरवरून" असं उत्तर आलं पाहिजे. बटणही विचारून घ्या. ते बाथरूमच्या बाहेर हवं, आणि त्यानं न्यूट्रल नाही, फेज तोडली पाहिजे.

आणि जुन्या, मुरलेल्या वायरमनचे हात बघा. मेन बंद केल्यावरही तो आधी टेस्टर लावतो, फेजला आणि न्यूट्रललाही. न्यूट्रलवर टेस्टरचा दिवा लागला, की तो आधी शिडीवरून खाली उतरतो आणि जिन्यात उभा राहून ओरडतो, "कुणाचा पंखा चालू आहे रे?"