सवय सुटते कशी?

उमरेड हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून भिवापूरकडे जाताना ते वाटेत लागते. गावाजवळ कोळशाची खाण आहे. या भागातील मिरचीही प्रसिद्ध आहे. हंगाम आला की सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागेवर, लाल मिरच्यांचे ढीग दिसू लागतात. अशा गावात जेवण तिखट असणारच!

समजा, या गावातील एका घरी रात्री सगळे दस्तरखानाभोवती बसले आहेत. चाचांनी पहिला घास घेतला आणि लगेच पाण्याचा पेला उचलला.

"आज सालन फार तिखट झाले का?" चाचीने विचारले.

"नाही. माझेच तोंड भाजते," चाचा म्हणाले.

एके काळी घरात सर्वांत जास्त तिखट चाचाच खात असत. नववीत शिकणाऱ्या पुतणीला शाळेत ऐकलेली एक गोष्ट आठवली. ती म्हणाली, "चाचा, तोंड उघडा आणि आपल्या हाताची तीन बोटे उभी धरून आत घालून पाहा." चाचांनी प्रयत्न केला. दोनच बोटे आत गेली. सगळे गप्प झाले. चाचांच्या खिशात त्या वेळीही खर्र्याची पुडी होती.

मुलांनो, हे चाचा आपण कल्पनेने उभे केले आहेत. पण त्यांच्यासारखी माणसे विदर्भात गावोगावी भेटतात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा तयार करतात. पानठेल्यावर तो पुडीत बांधून मिळतो. लोक तो गालात धरून तासन्तास चघळतात. २०१६-१७ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यांपैकी बहुतेक जण तंबाखू ओढणारे नव्हते, तर खाणारे होते.

खर्र्यातील सुपारीमुळे तोंडाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू कडक होते. प्रथम तिखट सोसत नाही, मग तोंड पूर्ण उघडत नाही. पुढे याच तोंडात कर्करोग होण्याचा धोका असतो. तंबाखूमुळे तो धोका आणखी वाढतो. म्हणून तीन बोटे तोंडात जात नसतील, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

आता एक प्रश्न उभा राहतो. तंबाखूच्या पुडीवर धोक्याचे चित्र छापलेले असते. खर्रा वाईट आहे हे चाचांनाही ठाऊक आहे. मग ते तो सोडत का नाहीत?

याचे उत्तर असे, की माहिती असणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडचिरोली जिल्ह्यात गावकऱ्यांच्या आरोग्यासाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. ते स्वतः नामवंत डॉक्टर! हृदयाला काय चांगले आणि काय वाईट, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. तरीही या आजारानंतरच त्यांनी आपला आहार, व्यायाम आणि दिनक्रम बदलला. हा अनुभव त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिला आहे. डॉक्टरांचीही अशी गत होते, तर चाचांना केवळ दोष देऊन काय उपयोग?

सवय कशी लागते, ते आधी समजून घेऊ. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते मेंदूत पोचले की थोडा वेळ बरे वाटते. काही वेळाने त्याचा परिणाम उतरतो आणि मन बेचैन होते. पुन्हा खर्रा घेतला की बेचैनी जाते. असे वारंवार घडले की मेंदू त्या वेळेशी आणि त्या जागेशी खर्र्याची सांगड घालतो. चाचांची खाणीतील पाळी संपते, मित्र भेटतात, समोर पानठेला दिसतो आणि हात आपोआप पुढे जातो. त्या वेळी चाचा विचार करतच नाहीत. सवय म्हणजे विचार न करता घडणारी कृती.

पण एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तलफ कायम टिकत नाही. ती लाटेसारखी येते, वाढते आणि साधारणतः पाच-दहा मिनिटांत ओसरते. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही. काही आठवड्यांत हा त्रास बराच कमी होतो. म्हणजे लढाई जन्मभराची वाटली, तरी प्रत्यक्षात ती एका वेळी पाच-दहा मिनिटांचीच असते.

ती मिनिटे कशी काढावीत? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० नंतरच्या दशकात लहान मुलांवर एक प्रयोग सुरू केला. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, "आता खाल्लास तर एवढाच मिळेल, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल." काही मुलांनी लगेच खाल्ले, तर काही थांबली. जी मुले खाऊकडे टक लावून बसली, त्यांना थांबणे कठीण गेले. खाऊ झाकून ठेवला, किंवा मुलाने खेळण्यात अथवा दुसऱ्या मजेच्या विचारात मन गुंतवले, तर तेच थांबणे सोपे झाले. यावरून काय दिसते? संयम म्हणजे केवळ दात-ओठ खाऊन सहन करणे नव्हे. संयमाच्या युक्त्या असतात आणि त्या शिकता येतात.

पहिली युक्ती म्हणजे नोंद ठेवणे. चाचांनी एक छोटी वही खिशात ठेवावी. खर्रा खाण्यापूर्वी वेळ, जागा आणि सोबत कोण होते, एवढेच लिहावे. आठवडाभरात त्यांना आपली सवय कागदावर दिसू लागेल. जी कृती नकळत होत होती, ती आता कळून होईल.

दुसरी युक्ती म्हणजे आधीच ठरवून ठेवणे. "मी खर्रा सोडीन" हा निश्चय चांगला आहे. पण ऐन वेळी काय करायचे, ते त्यात सांगितलेले नाही. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली 'जर-तर' पद्धतीचे महत्त्व मांडले. "जर पाळी संपल्यावर तलफ आली, तर मी आधी पाणी पिईन आणि दुसऱ्या रस्त्याने घरी जाईन." "जर मित्राने पुडी पुढे केली, तर मी म्हणेन, 'डॉक्टरांनी मना केली आहे,' आणि खिशातील बडीशेप तोंडात टाकीन." अशा ठरावामुळे ऐन वेळी मनाशी भांडत बसावे लागत नाही.

तिसरी युक्ती म्हणजे भोवतालची मांडणी बदलणे. घरात पुडी ठेवायचीच नाही. मित्रांना पानठेल्याऐवजी मशिदीच्या ओट्यावर किंवा घराच्या अंगणात भेटायचे. मिशेल यांच्या प्रयोगात खाऊ झाकला होता, तसेच हे.

या ठिकाणी पुतणीच्या मनात एक विचार आला. ती म्हणाली, "चाचा, रमजानमध्ये तुम्ही सहरीपासून इफ्तारपर्यंत खर्र्याला हात लावत नाही. मग तुम्हांला जमत नाही, असे कसे म्हणता?"

चाचा हसले. "खरे आहे, बेटा! पण इफ्तार झाली की पहिली आठवण त्याचीच होते."

या उत्तरात मोठा अर्थ आहे. रोज्याच्या दिवशी नियम स्पष्ट असतो, घरातील सगळे तोच नियम पाळतात आणि तलफ आली तरी कुणी पुडी पुढे करत नाही. म्हणून दिवसाचे तेरा-चौदा तास निभतात. इफ्तारनंतर ही मदत संपते. तीच वेळ ओळखून तिच्यासाठी 'जर-तर' ठरवले, तर तोच महिना खर्रा सोडण्याची उत्तम संधी ठरू शकतो.

एखाद्या दिवशी चाचांचा तोल गेला तर? समजा, लग्नाच्या गर्दीत त्यांनी एक पुडी खाल्ली. "आता सगळे संपले," असे मानून पुन्हा रोज खाऊ लागणे ही खरी चूक होय. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बदल एका उडीत होत नाही, त्याच्या पायऱ्या असतात, असे त्यांनी दाखवले. पुष्कळ लोक घसरतात, पुन्हा चढतात आणि अखेर सुटतात. घसरलेल्या दिवसाची नोंदही वहीत करावी आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालावे.

एकट्या माणसाच्या निश्चयाला गावाची साथ मिळाली, तर काम अधिक सोपे होते. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ साली 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा उपक्रम सुरू झाला. शासन, डॉ. बंग यांची 'सर्च' ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी तो हाती घेतला. गावागावांत संघटना उभ्या राहिल्या आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचार सुरू झाले. कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांना तर ती कुठेच विकता येत नाही. तंबाखू सोडण्यासाठी सल्ला हवा असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत बोलता येते.

आपले चाचा दुसऱ्याच दिवशी पुतणीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "कडक झालेली त्वचा पूर्वीसारखी होणे कठीण आहे, पण आज खर्रा सोडलात, तर पुढचा मोठा धोका नक्कीच कमी होईल." परत येताना चाचांनी दुकानातून एक छोटी वही घेतली. पहिल्या आठवड्यात तिची पाने भरून गेली. पुढे नोंदी विरळ होत गेल्या. मध्ये लग्नाच्या दिवसाची एक नोंद होती. तिच्याखाली चाचांनी लिहिले होते, 'उद्यापासून पुन्हा.' आणि त्यानंतरची पाने कोरी होती.

मुलांनो, ज्याने खर्रा कधी चाखलाच नाही, त्याला अशी वही लागत नाही. पण सवयी इतरही असतात. रात्री उशिरापर्यंत जागणे, मैदानावर न जाणे, हात न धुता जेवणे या आपल्याच सवयी आहेत. त्यांपैकी एक निवडा. आठवडाभर तिची नोंद ठेवा, मग एक 'जर-तर' ठरवा. आणि घरातील कुणी वडीलधारे व्यसन सोडू पाहत असतील, तर त्यांना टोचून बोलू नका. त्या पाच-दहा मिनिटांत त्यांच्याजवळ बसा, पाण्याचा पेला द्या आणि दोन गोष्टी बोला. कधी कधी एवढीच मदत पुरते.

स्वाध्याय

१. चाचांचे तोंड तिखटाने का भाजत होते?
२. 'माहिती असणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' हे वाक्य पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. सवय सोडण्याच्या तीन युक्त्या थोडक्यात लिहा.
४. स्वतःच्या एका सवयीसाठी 'जर-तर' पद्धतीची दोन वाक्ये तयार करा.