डिपॉझिट वाचवायच्या नादात पाऊण तास समुद्रात

परवाच्या व्हिडिओत विंडसर्फिंगचा किस्सा मी दोन वाक्यांत उरकला. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती. इथे सगळा सांगतो.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला असतो. एप्रिलमध्ये त्याच्याकडे गेलो होतो. जवळच हेलिंग आयलंड नावाचं बेट आहे, तिथे विंडसर्फिंग चालतं. मी गोव्यात दोन सीझन शिकलेलो, त्यामुळे अंगात भलताच आत्मविश्वास. पण गोव्याचं पाणी कोमट, आणि इथे एप्रिलमध्ये पाणी १० अंशांच्या आसपास. त्या दिवशी नैऋत्येचा वारा २२ नॉट, मध्येच त्याहून जोराचे झोत. लाटा फेसाळलेल्या.

भाड्याने सामान देणाऱ्या बाईंनी आधी वजन विचारलं, मग वाऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पावणेपाच मीटरचं शीड घ्या." मी ६ चौरस मीटरचं मागितलं. कारण? भाडं दोन्हीचं सारखंच होतं! मग छोटं कशाला? हातमोज्यांचे मात्र वेगळे पैसे होते, ते नको म्हटलं. डिपॉझिट २०० पाउंड.

हसू नका. कर्ज मंजूर होतंय म्हणून ताशी २० किलोची चक्की सोडून १०० किलोची घेणारे किती जण माझ्या वर्कशॉपला येतात, मोजा. मशीन फुकट पडत नाही, ते चालवायला ताकद लागते.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती याच बेटाची आहे. १९५८ मध्ये इथे पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने फळीवर शीड बसवून पाण्यात घातलं. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी अशाच साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. पुढे ब्रिटनमध्ये श्वाइट्झर यांच्या कंपनीने टाबुर मरीन या कंपनीवर दावा लावला, आणि अपील कोर्टाने ते ब्रिटिश पेटंटच अवैध ठरवलं. त्या पोराने दहा वर्षं आधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेच केलं होतं ना! पेटंटवर वेगळा व्हिडिओ करू.

तर, मी निघालो. पहिली दहा मिनिटं मस्त. मग एक झोत आला, आणि शिडाने मला अक्षरशः उचलून पुढे फेकलं. पाण्यात तोंड गेलं की श्वासच अडकतो. बोर्डवर चढलो, दोरी धरून शीड ओढलं. ६ मीटरचं शीड, त्यावर पाणी साचलेलं, खाली बोर्ड डुचमळतोय. अर्धं वर आलं की पुन्हा लाट, पुन्हा पाण्यात. असं सात-आठ वेळा झालं.

थंड पाण्याबद्दल १-१०-१ असा हिशेब शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि १ तासाच्या सुमारास शुद्ध हरपायला लागते. वेटसूटने हा वेळ बराच वाढतो. पण माझे हात उघडे होते. बोटं दिसत होती, जाणवत नव्हती.

आणि मी एक गोष्ट बघितलीच नव्हती. ओहोटी लागली होती. बेटाच्या पूर्वेला चिचेस्टर हार्बरचं तोंड आहे, तिथून पाणी जोरात बाहेर पडतं. वारा आत, पाणी बाहेर. दोघांची जिथे टक्कर होते तिथे लाटा उभ्याच्या उभ्या राहतात. वाऱ्याने ढकलत मला तिकडे नेलं होतं, आणि आता ओहोटी बाहेर ओढत होती.

डोलकाठी बोर्डपासून सुटी करायची एक खिट्टी असते. ती काढली की शीड गेलं, पण बोर्डवर पालथं पडून हाताने वल्हवता येतं. बोर्ड मात्र कधीच सोडायचा नाही, हा पहिला नियम. मला सगळं माहीत होतं. तरी मी आणखी तीन वेळा दोरी ओढली. डोक्यात काय चाललं होतं सांगू? २०० पाउंड. गुणिले शंभर. वीस हजार रुपये.

शेवटी खिट्टीला हात घातला, तर बोटांनी दाबताच येईना. तळहाताच्या टाचेने, मग कोपराने दाबली. सुटली. शीड लाटेखाली गेलं, आणि मी प्रवाहाला आडवा वल्हवायला लागलो. हेलिंगला परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, वारा समोरून. म्हणून वारा नेईल तिकडे, हार्बरच्या पलीकडच्या ईस्ट हेडच्या वाळूकडे.

वाळूवर कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी त्यांचा कोट माझ्यावर टाकला. त्यांच्याच फोनवरून भावाला कळवलं. त्याने तोवर ९९९ फिरवून कोस्टगार्डला बोलावलं होतं. ते त्याने फोन करून थांबवलं, आणि मग पूर्ण हार्बरला वळसा घालून तासाभराने गाडी घेऊन पोचला. पाण्यावरून जो किनारा समोर दिसतो, तो रस्त्याने इतका लांब!

"दादा," एवढंच म्हणाला, आणि हीटर पूर्ण सोडला. वेस्ट विटरिंग सोडेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग विचारलं, "वहिनीला काय सांगायचं?"

शीड सापडलं नाही. डिपॉझिट गेलं, शिवाय वरचे ८० पाउंड भरले. बाईंनी पावती लिहिताना फक्त विचारलं, उद्या येणार का. वारा तसाच असणार होता, भरती सकाळी ११ नंतर. मी पावणेपाचचं शीड सांगितलं. आणि हातमोजे.