एमआरआयमधली झोप

एमआरआय यंत्राच्या खडखडाटात झोप लागणं अवघडच. बोस्टन विद्यापीठात लॉरा लुईस यांच्या गटाने नेमकं तेच जमवलं. स्वयंसेवकाच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, कानांत बोळे. बाहेर पडद्यावरच्या लहरींवर डोळा ठेवून जागणारे संशोधक. यंत्राचं चुंबकीय क्षेत्र मेंदूच्या क्षीण विद्युत संकेतांत गोंधळ घालतं. ते संकेत निवडून काढणं हे फार चिकाटीचं काम, आणि माझ्या मते खरं कौतुक त्याचंच.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. गाढ झोपेत असंख्य चेतापेशी एकदम शांत होतात, रक्त थोडं ओसरतं आणि मोकळ्या जागेत मेंदूभोवतालच्या द्रवाची लाट शिरते, साधारण दर २० सेकंदांनी! हा द्रव मेंदूतला टाकाऊ भाग वाहून नेण्यास मदत करतो, असं मानतात. वय वाढल्यावर या लाटांचं काय होतं, हा पुढचा प्रश्न.