परळमध्ये वाढलेल्या पेशी

डॉ. कमल रणदिवे हे नाव परळ-लालबागच्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत हवं! १९६०च्या दशकात परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

ऊतीसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचपात्रात पेशी जगवणं; प्राणीपेशींच्या बाबतीत हे फार नाजूक काम. वनस्पतीच्या हिरव्या पेशीला बाहेरून भक्कम पेशीभित्तिका असते आणि आत हरितलवकं; ऊन मिळालं की ती स्वतःचं अन्न बनवते. प्राणीपेशीकडे दोन्ही नाहीत. पातळ प्रद्रव्यपटलातून पोषकद्रव्यं आत जातात, तंतुकणिका त्यांतून ऊर्जा काढतात. केंद्रकातल्या डीएनएत बिघाड साचत गेले, की विभाजनावरचा ताबा सुटतो आणि कर्करोग होतो.

शिक्षकांनो, पेशीची आकृती काढून घेताना मुलांना रणदिवेबाईंबद्दलही नक्की सांगा.